शेवग्याचं पान आणि पांढरं कवच

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार

पुण्याच्या कंपनीची मेल आली. मी ती छापून काढली, कारण वाईट बातमी कागदावर असली की मला नीट समजते. एक जुलैपासून त्यांना आपल्या शेवग्याच्या कॅप्सूलमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड नको आहे. त्यांचा माल आता परदेशात जाणार, युरोपात खाण्याच्या वस्तूंमध्ये तो बंद आहे, आणि त्यांना दोन प्रकारचा माल ठेवायचा नाही. आपल्याकडे तेवढं कडक नाही, हे मी सांगून पाहिलं. खरेदीवाल्या पुनम मॅडम फोनवर फार गोड बोलल्या. गोड बोलणारी माणसं मुदत वाढवून देत नाहीत, हा माझा अनुभव.

हा टायटॅनियम काही आम्ही हाताने घालत नाही. कॅप्सूलची रिकामी कवचं आम्ही विकत आणतो. ती पांढरीशुभ्र दिसावीत म्हणून कवचं बनवणारा तो त्यात मिसळतो. आमचं काम त्यांत शेवग्याच्या पानांची पूड भरणं. जळगावच्या एमआयडीसीतली एक शेड, एक मशीन, ते चालवणारे उखर्डूनाना, निवडायला-भरायला अकरा बाया आणि त्यांच्यावर असोद्याची कामिनी. एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात माल तपासून मी चार वर्षांपूर्वी हे उभं केलं. आमच्या तीन पेट्यांतल्या दोन पुण्याला जातात. त्यांनी हात काढून घेतला तर अकरातल्या सात बायांना घरी बसवावं लागेल, आणि उरलेल्यांना किती दिवस ठेवू शकेन ते मला सांगता येत नाही.

माझी बायको वृषाली म्हणाली, "एवढं काय त्यात. पांढरं नको म्हणतात, तर काढून टाका." गणित शिकवणाऱ्या बाईला ही साधी वजाबाकी वाटते. ही वहीसुद्धा तिनेच आणून दिली आहे. म्हणाली, माझ्यावर चिडण्याऐवजी हिच्यावर चिडा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज दिवसभर या टायटॅनियमबद्दल वाचलं. त्याने नक्की अपाय होतो असं कोणी म्हणत नाही, होत नाही असं छातीठोकपणेही कोणी म्हणत नाही. त्याचा औषधी उपयोग शून्य. नुसता दिसण्यासाठी आहे. हे मला माहीत होतं आणि तरी वाचताना राग येत होता. कशाचा ते कळेना.

मग लक्षात आलं. बाबा भुसावळच्या मालधक्क्यावर हमाली करायचे. घरी आले की अंघोळ करून पांढरा सदरा घालायचे, मगच बाहेर ओट्यावर बसायचे. आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा ठेवायची नाही, म्हणायचे. विहारात वंदनेला आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत. मी शेड बांधली तेव्हा भिंती पांढऱ्या, टेबलं पांढरी, बायांचे कोट पांढरे. कॅप्सूल पांढरी करायची असं मी ठरवलंसुद्धा नव्हतं, ती पांढरीच असणार होती. त्यामुळे आज कोणीतरी येऊन मला अस्वच्छ म्हणून गेल्यासारखं वाटतंय. वाटायला नको, पण वाटतंय.

२ मार्च, रविवार

धुळ्याला जाऊन आलो. बन्सीलालच्या मेडिकलमध्ये आमचा बराच माल जातो, म्हणून त्याला बिनरंगाचं रिकामं कवच दाखवलं. काचेसारखं आरपार. त्याने ते उजेडात धरलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"वाल्मीकभाऊ, यात पूड भरली की बाहेरून दिसणार?"

"दिसणार."

"मग कशाला? गिऱ्हाईक बाटली हलवून बघतं. पांढरी दिसली की औषध वाटतं. हिरवी दिसली की झाडपाला वाटतो."

"झाडपालाच आहे तो, बन्सीलाल."

"आपल्याला माहीत आहे ना? मग झालं." आणि चहा मागवला. माणूस वाईट नाही, पण दुकानदार आहे.

११ मार्च, मंगळवार

आरपार कवचांत पहिला घाणा भरला. जानेवारीची पूड होती. उखर्डूनानांनी मशीन सावकाश चालवलं. कॅप्सूल ट्रेमध्ये पडल्या तेव्हा बाया हातातलं काम सोडून बघायला आल्या. हिरव्यागार. कोवळ्या कैरीच्या सालीचा रंग. कामिनी कितीतरी वेळ एक हातात घेऊन उभी होती. मी म्हटलं, "काय बघतेस?" म्हणाली, "काही नाही सर. पान दिसतंय." पानच दिसणार, दुसरं काय दिसणार.

पुनम मॅडमना नमुना पाठवला. त्यांना फार आवडला. आता त्यांची अट अशी: एप्रिलच्या ताज्या पानांचा मोठा घाणा करा, त्यातल्या बाटल्या महिनाभर गरम कपाटात ठेवा, रंग टिकला तर जुलैपासूनची ऑर्डर पक्की. मी म्हटलं, टिकेल. जळगावचा उन्हाळा आम्ही स्वतः टिकून काढतो, कॅप्सूलचं काय घेऊन बसलात.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. पांढरा सदरा, मिरवणूक, पायांचे तुकडे. वृषालीच्या शाळेतल्या मुलींनी लेझीम छान केलं. एप्रिलच्या पानांच्या गोण्या आल्याचा कामिनीचा फोन आला. आवाज पडलेला होता. ऊन लागलं असेल.

१६ एप्रिल, बुधवार

डोकं ठिकाणावर नाही.

एप्रिलची पूड भरली आणि कॅप्सूल निघाल्या मातकट. पोलिसाच्या गणवेशाचा रंग. त्यातही एकसारखा नाही, काही फिकट, काही गडद, काहींच्यात काळपट ठिपके. मशीन तेच, कवचांची कंपनी तीच. म्हणजे कवचांचा हा घाणाच खराब आहे. त्यांनी काहीतरी दुसरं मिसळलंय, ते पुडेला लागतंय. मी लगेच फोन लावून त्यांना झाडलं. समोरचा माणूस शांतपणे म्हणाला, रिकामी ठेवून बघा, रंग बदलतो का.

कामिनी दारात येऊन उभी राहिली. "सर, पानांचं मला जरा..." मी म्हटलं, पानांचं नंतर, आधी कवचांचं बघू दे. ती गेली. बाजारात बैल तपासून घ्यावा तशी पानं आपण तपासून घेतो, ओल किती आहे ते मशीनवर मोजतो. तीन वर्षांपूर्वी ओली आलेली दोन पोती मी परत पाठवली होती, तेव्हापासून एकही गोणी ओली आली नाही. एवढी शिस्त मी लावून ठेवली आहे. पुडेचा रंग मात्र आम्ही कधी लिहून ठेवत नाही. कोण बघतो, वरून तर पांढरीच असायची.

१९ एप्रिल, शनिवार

रिकामी कवचं तीन दिवस खिडकीत ठेवली. जशी होती तशीच आहेत. त्या माणसाला फोन करून माफी मागायला हवी, पण सोमवारी करतो.

चोर सापडला मात्र. मशीनच्या खोलीत न सांगता गेलो तर कोपऱ्यात कूलर. पाण्याचा, वाळ्याच्या ताट्या लावलेला, घरात असतो तसला. उखर्डूनानांनी आठवड्यापूर्वी असोद्याहून मोटारसायकलवर बांधून आणला होता. पुडेच्या खोलीत पाण्याची वाफ! मी त्यांना बायांसमोर नको तितकं बोललो.

नाना म्हणाले, "भाऊ, बाया घामानं भिजू राह्यल्या व्हत्या. डोये लाल झाले व्हते त्याहीचे. म्हनून लावला."

मी म्हटलं, कारखाना आहे, लग्नाचा मांडव नाही. कूलर बाहेर काढला. आता रंग सुधारेल. शिस्त म्हणजे शिस्त.

२२ एप्रिल, मंगळवार

कूलर काढून नवीन घाणा भरला. रंग तसाच मातकट. पुडेतल्या गुठळ्या तेवढ्या गेल्या. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आत त्याहून जास्त. दोन बायांना चक्कर आली. नाना माझ्याशी कामापुरतं बोलतात, आणि तेही मशीनकडे बघून.

कामिनी पुन्हा आली. बराच वेळ कोटाची गुंडी चाळवत उभी राहिली. मी ओळखलं, अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी, आली आहे. खान्देशातली लेक आखाजीला माहेरी गेली नाही तर वर्षभर तिच्या डोळ्यांतलं पाणी खळत नाही. मीच म्हटलं, "चार दिवस जा. आखाजीला शेड बंदच ठेवू." ती म्हणाली, "सर, तुम्ही पण या ना आमच्या गावाला. साक्रीच्या पुढे आहे. तुम्ही कधी आलाच नाहीत." किती अगत्य. मी म्हटलं, येऊ कधीतरी. एवढी मोठी रजा दिली तरी चेहरा उतरलेलाच होता. माणसांचं काही कळत नाही.

२६ एप्रिल, शनिवार

सुटलो. कवचांच्या कंपनीत माफी मागायला फोन केला, तर त्या भल्या माणसाने उपाय सांगितला. त्यांच्याकडे दुसऱ्या प्रकारची पांढरी कवचं आहेत. टायटॅनियम नाही, खडूतला चुना वापरतात, तो सगळीकडे चालतो. दुधासारखी पांढरी. आतली पूड काळी असो की निळी, बाहेरून पत्ता लागत नाही. पुनम मॅडमची मूळ अट टायटॅनियम नको एवढीच आहे. नमुने सोमवारी येतील.

जेवताना वृषालीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आत काय आहे ते पुन्हा दिसणार नाही."

मी म्हटलं, "हो, तेच तर."

तिने पोळी वाढली. मी तर आज खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

हे सगळं जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

शेड बंद होती. शेजारून पुरणपोळी आणि रस आला, जेवलो, आणि दुपारी एकटाच शेडवर गेलो. चुन्याची नवी कवचं आली होती. जुन्या पांढऱ्याशी त्यांचा पांढरेपणा जुळवून पाहायचा होता. प्रत्येक घाण्यातल्या दोन बाटल्या आम्ही कपाटात राखून ठेवतो, पुढे कुणाची तक्रार आली तर तपासायला. समोर गेल्या मे महिन्याची बाटली होती. जुनं कवच रिकामं करून नव्याशेजारी ठेवावं म्हणून एक कॅप्सूल उघडली आणि पूड कागदावर ओतली.

मातकट. याच एप्रिलसारखी. कूलर नव्हता, आरपार कवच नव्हतं, तरीही तीच.

मग मी कपाट रिकामं केलं. गेल्या डिसेंबरची उघडली: हिरवी. त्याआधीच्या एप्रिलची: मातकट. जानेवारीची: हिरवी. त्याच्याही मागच्या मेची: मातकट. टेबलभर कागद मांडले आणि प्रत्येकावर महिना लिहिला. होळीपर्यंत हिरवं, होळीनंतर मातकट, वर्षामागून वर्ष. पहिल्या उन्हाळ्याची तेवढी बरी होती, नंतरचा प्रत्येक उन्हाळा असाच. प्रत्येक बाटलीच्या कागदावर खाली माझी सही.

कवच चांगलं होतं. नानांचा कूलर गुठळ्यांपुरता दोषी होता. पान वाईट येत होतं आणि मी त्याच्यावर पांढरं घालून विकत होतो. लोकांनी विश्वासाने घेतलं, गरोदर बायांनी घेतलं, बन्सीलालने माझ्या शब्दावर विकलं. मला माहीत नव्हतं हे खरं आहे. पण कॅप्सूल उघडून बघायला मला कोणी अडवलं नव्हतं. लाज वाटली. कागद तसेच मांडलेले ठेवले.

"सर, पानांचं मला जरा..." असं ती म्हणाली होती. आणि मी तिला सुट्टी दिली.

उद्या साक्रीच्या पुढे कामिनीच्या गावी जातो. पानंही तिथूनच येतात.

२ मे, शुक्रवार

काल पहाटे निघालो, धुळे मागे टाकून साक्रीच्या पुढे, मग डोंगराकडे. कामिनीच्या माहेरी पोचलो तर ती मला बघून आधी दचकली आणि मग पाणी आणायला धावली. पाण्याच्या आधी मला जे दिसायचं ते दिसलं होतं. गावात प्रत्येक अंगणात खाटा, आणि प्रत्येक खाटेवर ज्वारीच्या बिबड्या, कुरडया, शेवया. वर्षाचं वाळवण. जुनी लुगडी, चादरी, सतरंज्या, सगळ्यावर तेच पसरलेलं. आणि शेवग्याची पानं घरांच्या पत्र्यावर. भर उन्हात, तापलेल्या पत्र्यावर. हात लावला तर भाजला.

पानं पुरवणाऱ्या बायांच्या गटाच्या मुख्य झुंबरबाई. त्यांची सही चार वर्षं पावत्यांवर पाहतोय. त्या कामिनीच्या सख्ख्या मावशी निघाल्या. हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "अक्का, पानं पत्र्यावर का टाकता?"

"मंग कथा टाकसूत?" कुठे टाकणार, असं त्यांनीच मला विचारलं. "खाटा बठ्ठ्या बिबड्यास्नी अडकेल शेतस. आनि तुमनीच तर चिठ्ठी येल व्हती, पान कडकडीत वाळेल पाहिजे. दोन गोण्या वापस धाड्यात तुम्ही. तवयपाशीन आम्ही पतरा धरा."

ती चिठ्ठी माझीच. माझ्या अक्षरातली, ओल एवढ्याच्या वर नको, खाली दोन रेघा मारलेली. अक्कांनी ती देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला अडकवून ठेवली आहे. हिवाळ्यात खाटा मोकळ्या असतात, तेव्हा पानं घरात सावलीत वाळतात. होळीनंतर वाळवणं सुरू झाली की पानं पत्र्यावर जातात. पत्र्यावर ती चार तासांत कडक होतात आणि रंगही तेवढ्याच वेळात जातो. माझ्या ओल मोजायच्या मशीनला त्यातलं काही कळत नव्हतं.

"रंग गेला, ते तुम्हाला दिसलं नाही का?"

"आमले दिखे, नई कसं? पन तुम्ही रंगनं नाव कधी काढं नई. कडक सांगं, कडक करं." मग थांबून म्हणाल्या, "चार वरीस व्हयनात भाऊ, पयलांदाव उनात तुम्ही."

चार वर्षांत मी पहिल्यांदा आलो होतो, हे खरंच होतं.

कामिनी खांबाला टेकून उभी होती. म्हणाली, "सर, मार्चमध्ये हिरवी कॅप्सूल बघितली तेव्हाच मला कळलं होतं, उन्हाळ्याच्या पानाचं बिंग फुटणार. सांगायला आले होते. पण सांगितलं असतं तर तुम्ही मावशीच्या गोण्या परत पाठवल्या असत्या. गावातल्या वीस बायांचं काम आहे हे." रडत नव्हती, पण रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, चूक माझी आहे, तुझी नाही. हे वाक्य मी बायकोलासुद्धा फारसं म्हटलेलं नाही.

मग प्रश्न राहिला खाटांचा. मी जाळीच्या ट्रेचं, मांडणीचं बोलायला लागलो. अक्कांनी ऐकून घेतलं आणि घरात गेल्या. एक जुनं सुती लुगडं आणलं, त्याची दोन टोकं दोन खांबांना बांधली, लेकराची झोळी बांधतात तशी, फक्त पसरट. त्यात ओंजळभर पानं टाकली. खालून वरून वारा. "दोन दिवस लागतीन. कडक बी व्हई आनि हिरवं बी र्‍हाई," म्हणाल्या. माझ्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत मला हे सुचलं नसतं. घराघरात छताला अशा दहा झोळ्या बसतील, आणि बिबड्यांना धक्का लागणार नाही.

निघताना त्यांनी बिबड्यांचं गाठोडं दिलं. वृषालीने आल्या आल्या चार भाजल्या.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

सकाळी विहारात गेलो. पांढरा सदरा घातलाच. त्याच्याशी माझं भांडण नाही.

झोळीतल्या पानांच्या पहिल्या गोण्या परवा आल्या. दळून बघितली, रंग हिवाळ्याच्या पानापेक्षा एक छटा कमी, पण हिरवा, आणि सगळीकडे सारखा. ओलही मर्यादेत. चुन्याची कवचं परत पाठवली, ही पूड आरपार कवचांतच भरणार. नानांनी चिमूटभर पूड तळहातावर घेतली आणि माझ्याकडे बघून हसले, मशीनकडे नाही.

आता खरी गोष्ट. नवा नमुना पाठवताना पुनम मॅडमना एप्रिलच्या घाण्याचं काय सांगायचं? कवच बिघडलं होतं असं लिहिता येतं. कोणी तपासणार नाही. पण मग गेल्या उन्हाळ्याच्या बाटल्या त्यांच्या दुकानांत अजून आहेत, त्यांचं काय? त्या पांढऱ्या आहेत, कोणाला कळणार नाही. दिवसभर हेच. वृषालीला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही मला का विचारताय? तुम्हाला उत्तर येतंय." वर्गात पोरांनाही ती असंच छळत असणार.

सगळं लिहिलं. तीन उन्हाळ्यांचे घाणे, पत्रा, माझी चिठ्ठी, माझी सही. मागचा माल परत घेतो असंही लिहिलं. मेल पाठवली. त्यांनी आता संबंध तोडला तर त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकणार नाही, आणि सात बायांना मात्र मलाच तोंड द्यावं लागेल.

१५ मे, गुरुवार

उत्तर नाही.

कामिनीने बायांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं गलका होईल. एक जण एवढंच म्हणाली, "जे आहे ते दिसलेलं बरं." मग सगळ्या कामाला लागल्या. नानांची मी माफी मागितली. त्यांचा कूलर आता बाहेरच्या पॅसेजमध्ये, जिथे बंद बाटल्यांना लेबलं लागतात, आणि दर तासाला बाया पाळीपाळीने दहा मिनिटं तिथे बसतात. ही कल्पना नानांची. मी एवढा शहाणा असतो तर कूलर काढला त्याच दिवशी सुचली असती.

२१ मे, बुधवार

पुनम मॅडमचा फोन आला. या वेळी गोड नव्हत्या. चांगल्या रागावल्या होत्या. तीनही वर्षांचे राखलेले नमुने मागितले, त्यांच्याकडे तपासणार. उन्हाळ्याचा जेवढा माल दुकानांत आहे तो सगळा परत. मी प्रत्येक गोष्टीला हो म्हटलं. शेवटी म्हणाल्या, "नवा नमुना गरम कपाटात ठेवलाय. महिनाभराने बघू. वाल्मीक सर, हे तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलं नसतं." मी म्हटलं, "मलाही कळलं नसतं, मॅडम."

मग बन्सीलालकडे गेलो, त्याच्याही बाटल्या परत घ्यायच्या होत्या. त्याच्यासमोर एक पांढरी फोडून दाखवली. तो पुडेकडे बघत राहिला आणि म्हणाला, "चार वर्षं मीच खातोय रे ही." मग हसला. मला हसू आलं नाही.

५ जून, गुरुवार

तपासणीचा निकाल आला. जंतू, कीड, काही नाही. सत्त्व मात्र हिवाळ्याच्या मालापेक्षा बरंच कमी. कुणाला अपाय झाला नाही, पण ज्यासाठी घेतली ते पुरतं मिळालं नाही. याच्यावर मी स्वतःला काही समजावत नाही. आता दर गोणीचा रंग पाहिला जातो आणि लिहिला जातो. ते काम कामिनीकडे दिलं आहे. तिने नकार दिला तर मीसुद्धा सही करायची नाही, असं ठरलं.

२० जून, शुक्रवार

रंग टिकला.

पुनम मॅडमनी मेलमध्ये दोन फोटो पाठवले, महिन्याआधीचा आणि आताचा. मी चष्मा पुसून पुसून फरक शोधत होतो. फरक नाही म्हणायला अगदीच थोडा. जुलैपासून सहा महिन्यांची ऑर्डर. एक अट घातलीय: उन्हाळ्याआधी त्यांचा माणूस गावात येऊन झोळ्या बघणार. मी म्हटलं, आखाजीला पाठवा, जेवून जाईल.

बायांना सांगितलं तेव्हा कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली, म्हणून कोणाचंच ऐकू आलं नाही. नाना मशीनमागे जाऊन नाक शिंकरून आले. मी केबिनमध्ये जाऊन दार लावलं आणि मनसोक्त रडलो. अकराच्या अकरा राहतायत.

५ जुलै, शनिवार

पहिला माल आज निघायचा होता. मी कामिनीला म्हटलं होतं, मावशीला घेऊन ये. झुंबरअक्का आणि गटातल्या चार बाया सकाळच्या एसटीने आल्या. कोट, टोप्या घातल्या, हात धुतले. आपापल्या डोक्यावरच्या टोप्या बघून त्या एकमेकींना हसत होत्या.

निवडायच्या टेबलावर ट्रे होता. अक्का जवळ गेल्या. चार वर्षं त्यांनी पानं दिली, पण कॅप्सूल कधी नीट पाहिली नव्हती. पाहिली असती तरी पांढरीच दिसली असती. मी एक त्यांच्या हातावर ठेवली.

"हाई आमनं पान शे?"

"तुमचंच."

त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. बाकीच्या चौघी मागून डोकावल्या. एकीने हळूच बोट लावून पाहिलं. मग अक्का खाली बसल्या, ट्रे पुढे ओढला आणि एकेक कॅप्सूल उचलून बघायला लागल्या. आमच्या बायांसारखं चेपली आहे का, फुटली आहे का हे नाही, आत काय आहे ते बघत होत्या. मी घड्याळ पाहिलं. टेम्पो दारात उभा होता. कामिनीने माझ्याकडे पाहिलं आणि मी टेम्पोवाल्याला थांबायची खूण केली.

अर्ध्या तासाने एका कॅप्सूलपाशी त्या थांबल्या. पुडेत देठाची एक बारीक काडी होती, चाळणीतून उभी निसटलेली. मला दाखवली तेव्हा चष्मा लावूनही दुसऱ्यांदा दिसली.

"हाई मनी देरानीनं काम शे," अक्का धाकट्या जावेवर घसरल्या. "गप्पा मारस आनि पाने निवडस."

मी म्हटलं, "एवढी एक काडी चालते, अक्का. नियमात बसते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी मूर्खासारखं बोललो होतो. मग ती कॅप्सूल पदराच्या टोकात घातली आणि घट्ट गाठ मारली.

"तुमना नियममा बसत व्हई. मी हाई गावले लई जास. बठ्ठ्यास्ले दखाडसू."

उरलेला ट्रे त्यांनी पूर्ण बघितला. टेम्पो पाऊण तास उशिरा निघाला.